खांद्यावरची चार बोटं

मखमलाबादच्या नवसाबाईला फोटो काढता येतो, याचं गावाला कौतुक कमी आणि हसू जास्त होतं. सकाळी शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन नाशकात फुलं विकायला जाणारी बाई, तिला कसले आलेत फोटो! पण ते खरं होतं. तिचा नवरा गेणू ओझरच्या विमान कारखान्यात मदतनीस होता आणि त्यानं हौसेनं एक छोटा कॅमेरा घेतला होता. बटण दाबलं की झालं, असला साधा. पण तो फोटो काढायचा तेव्हा स्वतः कधीच फोटोत नसायचा, म्हणून त्यानं बायकोला बटण दाबायला शिकवलं. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर गेणू आणि मांडीवर त्यांची सुवर्णा, असा एक फोटो नवसाबाईनं काढला होता. तो इतका छान आला, की गेणू तो कारखान्यात सगळ्यांना दाखवत फिरला.

सुवर्णा शाळेत जायला लागली त्या वर्षी गेणू काविळीनं गेला. त्याच्या मागोमाग तो कॅमेराही बंद पडला. नवसाबाई थोरल्या दिराच्या, कोंडाजीच्या घरात राहिली. राहिली म्हणजे राबली. फुलं तोडायची तिनं, विकायची तिनं आणि मळा मात्र कोंडाजीचा. कोंडाजीची बायको धोंडाबाई वाईट नव्हती असं लोक म्हणत. लोकांना म्हणायला काय जातं? ज्या घरात सणाच्या दिवशी एका बाईला पाटावर बसवतात आणि दुसरीला पुऱ्या लाटायला, त्या घरात पाटावरची बाई चांगलीच असते.

गेल्या कित्येक वर्षांत नवसाबाई कुठल्याही लग्नात पुढं उभी राहिली नव्हती. हळद लावायला तिला बोलवत नसत, ओवाळायला तर नाहीच. अक्षता टाकायच्या तर मागून, बायकांच्या डोक्यांवरून. तिला त्याची सवय झाली होती. पण सत्त्याण्णव सालच्या वैशाखात सुवर्णाचं लग्न ठरलं, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याच्या घरात, आणि मग मात्र सवय काही कामाला येईना. कन्यादान कोंडाजी आणि धोंडाबाई करणार हे तिनं कुणी सांगण्याआधीच मान्य केलं. तिची मागणी एवढीच होती, की पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना आपण जवळ असावं आणि पोरीचं तोंड दिसावं.

संधी चालून आली ती कोंडाजीच्या चिक्कूपणामुळे. विंचूरच्या मंडळींनी फोटोचं काम मुलीकडच्यांवर टाकलं होतं. ऐन तिथीला फोटोग्राफर तोंडाला येईल ते मागत होते आणि कोंडाजी ओसरीवर बसून त्यांना शिव्या घालत होता.

"भाऊजी," नवसाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "फोटो मी काढते. कॅमेरा आणते कुणाचा तरी."

धोंडाबाई पदर तोंडाला लावून हसली. कोंडाजीनं मात्र बायकोकडं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात हिशेब बसला. फुकटात काम होतंय आणि बाई एका जागी गुंतून राहतेय.

"काढ," तो म्हणाला. "पण नीट काढ. विंचूरवाल्यांसमोर माझी मान खाली जायला नको."

नवसाबाईनं मान डोलावली. त्या दिवशी तिनं शेवंती तोडली ती गुणगुणत.

नाशकातल्या एका कॉलनीत ती रोज देवपूजेच्या फुलांचे पुडे टाकायची. तिथं अश्विन नावाचा, ओझरला नोकरी करणारा तरुण राहायचा. त्याच्याकडं मोठा कॅमेरा होता, काळा, जड, वर फ्लॅश बसवायचा. नवसाबाईनं मागितल्यावर तो म्हणाला, "मावशी, हा तुमच्या छोट्या कॅमेऱ्यासारखा नाही हो. पण बसा, दाखवतो."

त्यानं तिला तासभर शिकवलं. भिंगातून बघायचं. मधोमध एक गोल दिसतो, त्यात माणूस वर अर्धा आणि खाली अर्धा असा सरकलेला दिसतो. भिंगाभोवतीचं कडं फिरवत राहायचं, दोन्ही अर्धी एकमेकांना जुळली की बटण दाबायचं. नवसाबाईनं अश्विनच्या आईचं नाक जुळवून दाखवलं तेव्हा तो खूश झाला.

"आता हे बघा," त्यानं वरच्या एका दातेरी चकतीवर बोट ठेवलं. "फ्लॅश हिच्या एका ठरावीक आकड्यावरच चालतो. ही फिरली की वाटोळं. आतला पडदा वेळेवर उघडत नाही आणि अर्धा फोटो काळा येतो. भिंगातून बघताना काही कळणार पण नाही." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, घरातून जखमेवर लावायची चिकटपट्टी आणून त्यानं ती चकतीवर आडवी चिकटवून टाकली. "ही पट्टी आहे तोवर काळजी नाही. हिला हात लावायचा नाही."

"नाय लावत बाबा," नवसाबाई म्हणाली. कॅमेरा तिनं नव्या लुगड्यात गुंडाळून घरी नेला.

हळदीच्या दिवशी तिनं पहिले फोटो काढले. सवाष्णी सुवर्णाला हळद लावत होत्या आणि तिची आई खोलीच्या कोपऱ्यातून दोन अर्धी जुळवत होती. कुणी तिला हटकलं नाही. कॅमेरा हातात असला की माणसाला बाजूला हो म्हणत नाहीत, उलट तेच आपलं तोंड नीट करतात. धोंडाबाईनंही पदर सारखा केला. इतक्या वर्षांत जावेनं आपल्याकडं बघून असं हसलेलं नवसाबाईला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त होता. दाराशीच मांडव घातला होता. दुपार कलल्यावर आतल्या खोलीत सुवर्णा नटून तयार झाली. हिरवा शालू, कपाळाला मुंडावळ्या, हातात चुडा. नवसाबाई कॅमेरा घेऊन दारात आली आणि पोरीला बघून कॅमेरा उचलायचं विसरली.

"आई," सुवर्णा म्हणाली, "आपला दोघींचा एक फोटो पाहिजे मला."

खोलीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. धोंडाबाई म्हणाली, "आता कुठं? मुहूर्ताची घाई हाय."

"एकच, मोठी आई."

कोंडाजी नेमका तिथं काहीतरी शोधायला आला होता. पोरीनं हट्ट केला आणि चार बायका बघत होत्या, म्हणून त्याला मोठेपणा सुचला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. "आण इकडं," म्हणत त्यानं नवसाबाईच्या गळ्यातला कॅमेरा ओढून घेतला.

"भाऊजी, त्या पट्टीला तेवढं..."

"ही कसली पट्टी? कॅमेऱ्याला गळू झालंय का काय?" बायका हसल्या. बायका हसल्या की कोंडाजीला चेव यायचा. त्यानं नखानं पट्टी सोलली, चकती करकर फिरवली, हे दाब, ते ओढ, असं करून आपल्याला सगळं कळतं असं दाखवलं. "हां, राहा उभ्या."

नवसाबाई पोरीच्या शेजारी उभी राहिली. राहता राहता तिचा हात सुवर्णाच्या पाठीमागून पलीकडच्या खांद्यावर गेला. लहानपणी तापात अंगाशी धरायची तसंच तिनं तिला धरलं. झक्कन फ्लॅश पडला.

"अगं, हात काढ!" धोंडाबाई ओरडली. "नवरीला हात लावतीस? काही अक्कल?"

नवसाबाईनं हात काढला. कॅमेरा परत मिळाल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर जमिनीवर पडलेली ती चिकटपट्टी शोधली, पुसली आणि चकतीवर पहिल्यासारखी आडवी दाबून बसवली. तिचा जीव भांड्यात पडला. पट्टीखाली आकडा कुठला होता हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी पट्टी जागेवर होती म्हणजे सगळं जागेवर होतं. बिचारीनं चूक केली ती एवढीच आणि तीसुद्धा जपताना.

मांडवात बोहल्याच्या डाव्या अंगाला एक खांब होता. धोंडाबाईनं तिथं तिला उभं केलं आणि बजावलं, "ह्या खांबाच्या पुढं यायचं नाय. पलीकडं तर बिलकूल जायचं नाय. तुझी सावली पोरीवर पडाया नको. काय काढायचं ते इथनंच काढ."

नवसाबाई तिथं चिकटून उभी राहिली. त्या जागेवरून नवरदेव अलीकडं दिसायचा आणि सुवर्णा पलीकडं, उजव्या हाताला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली पडला, सुवर्णानं हार घातला. कोंडाजी आणि धोंडाबाईनं पोरीचा हात जावयाच्या हातात दिला. सप्तपदी झाली, पुढं खुर्च्यांवर जोडपं बसलं आणि आहेर सुरू झाले. नवसाबाईनं दोन रोल संपवले. सगळं लग्न तिनं भिंगातून पाहिलं, आणि भिंगात तिला पोर अख्खी दिसत होती. गळ्यात मंगळसूत्र पडलं तेव्हा सुवर्णानं डोळे मिटले, हे साऱ्या मांडवात फक्त तिच्या आईला दिसलं. इतक्या जवळून तिला दुसऱ्या कुठल्या वाटेनं पाहता आलं असतं? ती खरंच सुखी होती. तिच्या पुढच्या दिवसांकडं बघता तिला तो एक संध्याकाळभराचा आनंद मिळाला हे बरं झालं असं म्हणावं, की तो मिळालाच नसता तर बरं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फोटो धुऊन मिळाले त्याच दिवशी सुवर्णा मांडवपरतणीला माहेरी आली होती. सोबत जावई आणि विहीणबाई. दुकानदारानं नवसाबाईपुढं फोटो टाकले आणि म्हणाला, "बाई, हळदीचे चांगलेत. पुढचे सगळे गेले." तिनं एक उचलला. डाव्या अंगाला नवरदेव, झगझगीत, हाती हार. उजव्या अंगाला काळं. दुसरा उचलला. तिसरा उचलला. मंगळसूत्र बांधणारे हात दिसत होते आणि ते काळोखाच्या गळ्यात मंगळसूत्र बांधत होते.

ती तशीच अश्विनकडं गेली. त्यानं चिकटपट्टी सोलली, खालचा आकडा पाहिला आणि डोकं धरलं. "मावशी, ही फिरलीय हो. पट्टी काढली होती का कुणी?"

नवसाबाईनं सांगितलं. अश्विन चुकचुकला. त्याला वाईट वाटलं, पण वाईट वाटून फोटो उजळत नाहीत.

घरी ओसरीवर सगळे वाटच बघत होते. विहीणबाईंनी पाकीट हातातून घेतलं. जाडजूड, गळ्यात पोहेहार, कपाळावर आडवं भरघोस कुंकू. एकेक फोटो त्या मांडीवर ठेवत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ह्याच्यात नवरी कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "माझा पोरगा काय अंधाराशी लगीन लावतोय?"

कोंडाजीनं फोटो ओढून पाहिले आणि नवसाबाईवर खेकसला, "तोंडाला काळं फासलंस माझ्या!"

"भाऊजी, ती पट्टी तुम्ही काढली," नवसाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती दिराला उलटून बोलत होती. "आतल्या खोलीत. चकती फिरवली तुम्ही. तिथनं पुढचेच फोटो काळे हायत, मागचे बघा, नीट हायत. त्या पोराला विचारा, तो सांगंल."

"मी?" कोंडाजी उठून उभा राहिला. "पट्टी तर शेवटपर्यंत जागेवर हुती, साऱ्या मांडवानं पाहिली. आता माझ्यावर ढकलतीस?"

"मीच परत लावली ती."

"बघा!" कोंडाजी विहिणीकडं वळला. "आपल्याच तोंडानं सांगतेय. हातही हिनंच लावला, पट्टी पण हिनंच लावली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. नवसाबाईनं पोरीकडं पाहिलं. सुवर्णा तिथंच होती, फोटोत तीच तर उभी होती. पट्टी सोलताना तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"सुवर्णा, तू सांग गं."

सुवर्णानं काकाकडं पाहिलं. पुढं आयुष्यभर तिचं माहेर म्हणजे हाच माणूस होता, दिवाळीला न्यायला येणारा हाच. मग तिनं सासूकडं पाहिलं. सासू तिच्याकडं टक लावून बघत होती. पोरगी हुशार होती. एका क्षणात तिचा हिशेब झाला.

"मला नाय आठवत, आई."

मी तिला शिव्या देऊ शकतो, आणि दिल्याही आहेत. वीस वर्षांची होती, सासर नवं होतं, हे सगळं मला कळतं. तरीही देतो.

विहीणबाईंनी फोटो पाकिटात कोंबले. "कन्यादान तुम्ही केलं म्हणून आम्हाला वाटलं, घर रीतीचं हाय," त्या कोंडाजीला म्हणाल्या. "रांडमुंड बाईच्या डोळ्यातनं नवरीकडं बघू दिलं तुम्ही, एवढं लगीनभर. मग दुसरं काय व्हायचं? आता एवढं करा. ह्या बाईचा पाय माझ्या उंबऱ्याला लागायला नको."

नवसाबाई तिथंच उभी होती. तिच्यासमोर, तिच्याविषयी, तिला न सांगता हे ठरलं. पाकीट जावयाकडं गेलं. त्यानं पुन्हा एकदा फोटो चाळले आणि त्यातला एक बाजूला काढून खिशात ठेवला. बाकीचे धोंडाबाईनं निगेटिव्हसकट चुलीत घातले, हळदीचेसुद्धा, वर म्हणाली, "अपशकुनाची वस्तू घरात कशाला." नवसाबाईला एकही मिळाला नाही.

पुढं गावात तिचं नाव 'अर्ध्या फोटोवाली' पडलं. नावडतीचं मीठ अळणी असतंच, त्यात आता लोकांकडं कारणही होतं. कुणाची म्हैस आटली तरी सकाळी कोण आडवं आलं होतं ते आठवायचे. लग्नात पुऱ्या लाटायलाही तिला बोलावणं बंद झालं. सुवर्णा दिवाळीला यायची तेव्हा आईशी बोलायची, नाही असं नाही. फुलांना भाव कसा आहे, गुडघे कसे आहेत. पट्टीचा विषय दोघींनीही काढला नाही.

तिसऱ्या वर्षी सुवर्णाला मुलगा झाला. बाळंतपण सासरीच केलं. बारशाला तोरणाची आणि पाळण्याची फुलं मखमलाबादहून यावीत असा निरोप आला. आदल्या दिवशी कोंडाजीचा पाय मुरगळला आणि धोंडाबाई त्याला सोडून निघेना. फुलं तर सकाळी पोचायलाच हवीत.

"तू दे नेऊन," कोंडाजी म्हणाला. "दारात उतरव आन् मागं फीर. आत जाऊ नको."

नवसाबाई टेंपोत शेवंतीच्या पाट्यांमध्ये बसून विंचूरला गेली. दारात उतरवून मागं फिरावं, असंच तिच्या मनात होतं. पण तोरण बांधायला घरात कुणाला वेळ नव्हता, तेव्हा आतून कुणीतरी ओरडलं, "फुलवाले, तेवढं ओवून बांधून जा." ती उंबऱ्याच्या बाहेर बसून ओवायला लागली. दार सताड उघडं होतं आणि समोरच्या भिंतीवर तिला फोटो दिसला.

मोठा केलेला होता, सोनेरी चौकटीत. हिरवा शालू, मुंडावळ्या, सुवर्णा हसतेय. तोच. जावयानं खिशात घातलेला तो हाच. उजवीकडची काळी बाजू, जिच्यात नवसाबाई उभी होती ती, दुकानातून कापून घेतली होती आणि उरला होता तो सुवर्णाचा उभा, अरुंद, पण छान फोटो. लग्नाच्या साजातला तिचा दुसरा फोटोच जगात नव्हता. नवसाबाईची सुई थांबली. सुवर्णाच्या पलीकडच्या खांद्यावर चार बोटं होती. पाठीमागून आलेली, घट्ट धरलेली. मधल्या बोटाचं नख मळ्यातल्या गुलाबाच्या काट्यानं कायमचं उभं चिरलेलं, आत्ता सुई धरलेल्या हाताचं होतं तसंच. मनगट पाठीमागं राहिलं होतं, त्यामुळे त्यावर बांगड्या आहेत की नाहीत, हे कुणाला दिसत नव्हतं.

पाळण्यापाशी बायका जमल्या होत्या. त्यातली एक शेजारीण फोटोजवळ गेली. "सूनबाई काय दिसतीय! आन् हा खांद्यावर हात कुणाचा गं?"

"तिच्या चुलतीचा," विहीणबाई म्हणाल्या. "कन्यादान तिनंच केलं ना. लय भरल्या हाताची बाई. तिचा हात लागला म्हणून तर हा एवढा फोटो नीट आला. बाकीचे सगळे वाया गेले."

"हो का गं, सुवर्णा?"

सुवर्णा बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिनं फोटोकडं पाहिलं. मग तिची नजर दारात आली, आणि आईच्या डोळ्यांना भिडली. नवसाबाईनं सुई धरलेला हात पदराखाली घेतला.

"हो," सुवर्णा म्हणाली. "मोठ्या आईचा."

शेजारीण दाराकडं वळली. "आन् ह्या बाई कोण?"

विहीणबाईंनी तोवर नवसाबाईला पाहिलं होतं आणि त्यांचे ओठ आवळले होते. सुवर्णानं ते पाहिलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "फुलं घेऊन आल्यात. मखमलाबादवरनं."

"मग बाहेर उपाशी कशाला बसवलंय? पेढा तरी द्या बाईला," शेजारीण म्हणाली. कुणीतरी कागदावर एक पेढा आणून उंबऱ्याबाहेर ठेवला.

नवसाबाईनं तोरण पुरं केलं, चौकटीला बांधलं आणि उरलेला दोरा दातानं तोडला. आत पाळण्याची गाणी सुरू झाली होती. बाळाचं तोंड तिला कुणी दाखवलं नाही आणि तिनंही मागितलं नाही. पेढा पदराच्या टोकाला बांधून ती रिकाम्या पाट्या घेऊन टेंपोत बसली.